विजेच्या गाडीने कोकणात: युनिट मोजा, अर्थिंग तपासा

जो भेटतो तो एकच विचारतो, "घाटात चार्जिंग संपलं तर?" मी धायरीत राहतो, सत्तावीस वर्षं वायरमनचं काम करतो आणि गाव गुहागर तालुक्यात. २०२२ च्या दिवाळीत विजेवरची चारचाकी घेतली. २०२३ च्या गणपतीपासून दर गणपती, शिमगा आणि मे महिना असा वर्षातून तीनदा तिनेच गावी जातो. एकदाही रस्त्यात अडकलो नाही. अडचण आली ती थेट घराच्या पडवीत, आणि ती गाडीची नव्हती. तिच्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण ती जिवावर बेतणारी आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. पण आधी रस्ता.

पहिली सवय: किलोमीटर विसरा, युनिट धरा

पडद्यावर "२८० किमी बाकी" असं दिसतं. तो आकडा गाडीने मागच्या प्रवासावरून बांधलेला अंदाज असतो. शहरात सावकाश चालवलीत तर तो फुगतो, महामार्गावर लागलात की भराभर उतरतो आणि माणूस घाबरतो. त्यापेक्षा घरच्या वीजबिलासारखा हिशोब करा. बॅटरी किती युनिटची, आणि शंभर किलोमीटरला किती युनिट जातात, एवढंच पाहायचं.

माझ्या गाडीची बॅटरी ४०.५ युनिटची आहे. त्यातले मी ३८ धरतो. म्हणजे दहा टक्के घटले की पावणेचार युनिट गेले. चार माणसं, बॅगा आणि एसी घेऊन ताशी ८० च्या आसपास चालवली तर शंभर किलोमीटरला १४ युनिट लागतात. तीच गाडी शंभरावर नेली की आकडा १७-१८ वर जातो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. पेट्रोलच्या गाडीतही हे होतंच, पण तिथे टाकी मोठी म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. जोरदार पावसात शंभराला एखाद-दीड युनिट जास्त धरा. मखराचं सामान टपावर बांधू नका, मागच्या सीटवर घाला. निघायच्या आदल्या दिवशी टायरमधली हवा तपासा.

तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल. तो काढायला सोपं आहे. एका रविवारी शंभर टक्के भरून सातारा गाठा आणि परत या. किती टक्के गेले, किती किलोमीटर झाले, हे वहीत लिहा. गणपतीच्या आधी एवढं केलंत तर निम्मी भीती तिथेच संपते.

वाहतूक कोंडीची भीती तर मनातून काढूनच टाका. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर दोन तास उभे राहिलात तरी मोटर बंद असते. एसीला तासाला साधारण एक युनिट लागतं, म्हणजे दोन तासांत दोन युनिट. पंधरा किलोमीटरची वीज गेली, बस्स. टोलबद्दल एक गैरसमज आहे तोही सांगतो. राज्य सरकारच्या २०२५ च्या धोरणानुसार विजेवरच्या चारचाकींना टोलमाफी मिळाली ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर. पुणे-सातारा हा राष्ट्रीय महामार्ग आहे. तिथे फास्टॅगमध्ये पैसे ठेवूनच निघा.

रस्त्याचा हिशोब

मी पुणे, सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि गुहागर असा जातो. उंब्रजपर्यंत सुमारे १४० किलोमीटर. मध्ये खंबाटकीचा चढ आहे, पण जितकं चढतो त्यातलं बरंचसं पुढे उतरतो. इथवर २० युनिट जातात. उंब्रज ते कोयनानगर पन्नासेक किलोमीटरला साडेसहा. घाट उतरून चिपळूण गाठायला तीन. चिपळूण ते गुहागर चढउतारांचा रस्ता, पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, साडेसहा. सगळे मिळून ३६ युनिट.

म्हणजे ३८ मधले ३६. कागदावर गाडी न थांबता पोहोचते. कृपा करून असं कधीही करू नका. पावसाळ्यात कुंभार्लीत दरड आली आणि रस्ता बंद झाला तर मागे फिरून आंबा घाटाचा वळसा घ्यावा लागतो. त्यासाठी अंगात वीज हवी. मी गाडीत किमान दहा युनिट शिल्लक असल्याशिवाय कोणत्याही घाटाला लागत नाही, हा माझा नियम.

म्हणून चार्जिंग करायचं ते महामार्ग सोडण्याआधी, सातारा ते उंब्रज या पट्ट्यात. तिथे पर्याय बरे आहेत, फोनला रेंज आहे, चहा-मिसळ आहे, आणि मुख्य म्हणजे एक चार्जर बंद निघाला तर दुसरा गाठता येतो. चार्जर निवडताना मी नेहमी दोन धरतो, एक ठरवलेला आणि एक त्याच्या अलीकडचा राखीव. ॲपमध्ये "चालू आहे" असं लिहिलेलं असलं तरी त्या जागी शेवटची गाडी कधी चार्ज झाली ते पाहा. सकाळी कोणीतरी भरून गेलं असेल तर चार्जर जिवंत आहे. आठवडाभर कोणी फिरकलं नसेल तर तिथल्या हॉटेलात फोन करून विचारा, "लाइट आहे का, मशीन चालू आहे का?" वेगवेगळ्या कंपन्यांची ॲप वेगवेगळी आहेत. ती घरी बसून डाउनलोड करा, पैसे भरून ठेवा. चार्जरपाशी उभं राहून पावसात ओटीपीची वाट पाहणं मी खूप जणांना करताना पाहिलं आहे.

उंब्रजला माझ्या गाडीत १८ युनिट, म्हणजे ४७ टक्के उरतात. तिथून ८५ टक्क्यांपर्यंत नेतो. साडेचौदा युनिट भरायला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. युनिटला वीस ते पंचवीस रुपये पडतात, म्हणजे तीन-साडेतीनशे रुपये. घरच्या विजेपेक्षा हे बरंच महाग आहे, म्हणून बाहेर लागेल तेवढंच भरायचं आणि बाकीचं घरी.

शंभर टक्के भरायचा हट्ट करू नका. गणपतीत स्वारगेटला एसटी भरताना पाहिली असेल. पहिली तीस माणसं भराभर चढून बसतात. शेवटची दहा दारातच अडकतात, कारण जागा शोधून आत सरकायला वेळ लागतो. बॅटरीचंही तसंच. ऐंशी टक्क्यांनंतर सेलचं व्होल्टेज वर गेलेलं असतं, त्यामुळे गाडी स्वतःच करंट कमी करून घेते. शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या चाळीस टक्क्यांइतका वेळ जाऊ शकतो, आणि मागे चार गाड्या उभ्या असतात. आपलं झालं की गन, म्हणजे चार्जरचा गाडीत घातलेला प्लग, काढा, जागा द्या. चहा प्यायला जाणार असाल तर काचेवर फोन नंबर लिहून ठेवा. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत रांग लागतेच. मी पहाटे साडेतीनला घर सोडतो आणि सहाच्या आत चार्जरवर असतो.

आणि अगदीच वेळ आली तर? पाटणच्या बाजूला एखाद्या खानावळीत मिक्सर-फ्रीजसाठी १६ अँपिअरचा सॉकेट असतोच. गाडीबरोबर आलेल्या चार्जरने तिथे तासाला तीन युनिट मिळतात, म्हणजे वीस किलोमीटर. जेवण होईपर्यंत तेवढं पुरतं. मालकाला आधी विचारा, सॉकेटला हात लावून तापतोय का बघत राहा आणि पैसे द्या. गाडी चार्ज करून देण्यासाठी वीज विकण्याचा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. या रस्त्यावरच्या खानावळवाल्यांनी एकेक चांगला पॉइंट बसवला तर त्यांचाही धंदा वाढेल. मी स्वतः दोघांना तसं सांगून आलो आहे.

कुंभार्ली उतरताना

हा माझा सगळ्यात आवडता तुकडा. घाटमाथा सुमारे सहाशे मीटर उंचीवर, आणि चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीला. माणसं-सामान धरून पावणेदोन टन वजनाची गाडी एवढी खाली येते तेव्हा तिच्यातून पावणेतीन युनिट ऊर्जा मोकळी होते. पेट्रोलच्या गाडीत ती ब्रेक तापवण्यात जाते. विजेच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच जनित्र बनते, गाडी मंदावते आणि वीज बॅटरीत परत येते. सगळी नाही येत, थोडी वाटेत हरवते, पण टक्केवारी खाली जाण्याऐवजी वर सरकताना डोळ्यांनी दिसते.

याच डोंगराच्या पोटात, पोफळीला, कोयनेचं भूमिगत वीजघर आहे. धरणाचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला सोडतात, ते खाली पडतं आणि जनित्र फिरवतं. कोयना प्रकल्पाचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉटची क्षमता आहे. ज्या उताराने पाणी वीज करतं त्याच उताराने माझी गाडीही करते. पोफळीवरून जाताना मी मुलांना हे दर वेळी सांगतो. आता तीच मला आधी सांगतात, "बाबा, वीजघर आलं."

वीज अशी परत मिळवण्याला रीजेन म्हणतात. उतरताना गाडीत रीजेनची पातळी सर्वांत वर ठेवा. ब्रेकचं पेडल फक्त वळणाआधी आणि थांबताना. एक खबरदारी मात्र घ्या. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला जागा नसते, मग गाडी रीजेन कमी करते किंवा बंद करते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. कोयनानगरला मुक्काम करून सकाळी घाट उतरणार असाल तर रात्री ऐंशी-पंच्याऐंशीवर थांबवा. धुकं असेल तर हेडलाइट लो बीमवर लावून मागच्याला दिसाल असं पाहा, कारण रीजेनने गाडी मंदावते तेव्हा तिचा अंदाज मागच्या ड्रायव्हरला पटकन येत नाही. बहुतेक नव्या गाड्या जोराच्या रीजेनला मागचा लाल दिवा लावतात. तुमची लावते का, ते एकदा घरच्या कोणाला मागे उभं करून तपासून घ्या.

पडवीतला लाल दिवा

आता मुख्य विषयाकडे येतो.

२०२३ च्या गणपतीत पहिल्यांदा गाडी गावी नेली. पडवीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला चार्जर लावला, हिरवा दिवा लागला, सकाळी बॅटरी भरलेली. आई म्हणाली, "रात्रभर चरली काय रे गाय?" मीही निश्चिंत झालो. पुढच्या मे महिन्यात तोच चार्जर, तोच सॉकेट, आणि लाल दिवा. चार्जरने वीज घ्यायलाच नकार दिला. मल्टिमीटर लावला, फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी) यांच्यात २२८ व्होल्ट, फेज-अर्थ २२५. आकडे चोख. भावाने गावातल्या एका वायरमनला बोलावून आणलं. तो चांगला कामाचा माणूस, पण म्हणाला, "दादा, अर्थच्या पिनला न्यूट्रलचा तुकडा मारतो, लाल दिवा लगेच जाईल."

म्हणजे सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडून टाकायचे. दिवा गेला असता हे खरं. हे कोकणातच नाही, सगळीकडे चालतं. पण हे कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून करू देऊ नका. कारण असं: पावसात माडाची झावळी किंवा फांदी पडून खांबावरून घरात येणारी न्यूट्रलची तार तुटते, हे आपल्याकडे दर पावसाळ्यात होतं. तुकडा मारलेला असेल तर त्या क्षणी न्यूट्रल, म्हणजेच अर्थची पिन, म्हणजेच गाडीचा सगळा पत्रा २३० व्होल्टवर येतो. अंगण ओलं, पोरं अनवाणी, आणि गाडी म्हटल्यावर पोरं हात लावणारच. चार्जरचा लाल दिवा त्या पोरांसाठी आहे.

मग खरी अडचण कुठे होती? आमचं घर जांभ्यावर आहे. जांभा पाणी धरत नाही. पावसाळ्यात तो भिजलेला असतो तेव्हा अर्थिंगचा खड्डा काम करतो. मे महिन्यात तो ठणठणीत कोरडा होतो आणि जमिनीचा रोध चढतो. मल्टिमीटरला हे कळत नाही, कारण तो जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे वाईट अर्थिंगलाही चांगले व्होल्ट दाखवतो. चार्जर मात्र अर्थचा मार्ग खरंच शाबूत आहे का ते तपासतो.

पुण्याहून अर्थ टेस्टर, म्हणजे अर्थिंगचा रोध मोजायचं यंत्र, आणून मोजलं तर ५८ ओहम. घरगुती कामाला मी पाचच्या आसपास धरतो. आता गणित करा. गाडीत दोष येऊन फेज पत्र्याला लागला तर ५८ ओहममधून जेमतेम चार अँपिअर करंट जमिनीत जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच) एवढ्याला पडणार नाही. पत्रा जिवंत राहील आणि घरात कोणाला पत्ता लागणार नाही. हे फक्त गाडीपुरतं नाही. त्याच अर्थवर आमचा फ्रीज आणि पाण्याचा पंप गेली पंधरा वर्षं चालू होता. गाडी आली म्हणून ते उघडकीला आलं.

टेस्टर नसेल तर वायरमन दिव्याने तपासू शकतो. फेज आणि अर्थमध्ये २०० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावायचा आणि तो पेटलेला असताना व्होल्टेज मोजायचं. अर्थिंग चांगलं असेल तर तीन-चार व्होल्ट उतरतील. आमच्याकडे पन्नासाच्या आसपास उतरले आणि बल्ब मलूल दिसला. घरात आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) असेल तर तो या चाचणीत पडेल, म्हणजे तो काम करतो आहे. ही चाचणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या, स्वतः उघड्या तारा धरू नका.

आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो. जुना खड्डा तुळशीवृंदावनामागे, घरातली सगळ्यात कोरडी जागा. तो सोडला. न्हाणीचं सांडपाणी जिथे केळींना जातं तिथे, केळीच्या बुंध्यांपासून थोडं अंतर ठेवून नवी जागा धरली, कारण ती बारा महिने ओली. वरचा जांभा पहारीने फोडायला भावाला आणि दोन गड्यांना दीड दिवस लागला. खाली ओल लागल्यावर तांब्याचा थर दिलेला तीन मीटरचा रॉड उभा केला आणि भोवती ओल धरून ठेवणारी बेंटोनाइटची माती कालवून भरली. मीठ-कोळसा घातला नाही. आपल्या पावसात मीठ दोन वर्षांत वाहून जातं आणि जाईपर्यंत लोखंड खातं. मोजलं तर ११ ओहम. म्हणून चार मीटर अंतरावर दुसरा तसाच रॉड घालून दोन्ही जाड पट्टीने जोडले. आकडा ६ वर आला. त्या रात्री लाल दिवा गेला. वर एक पीव्हीसी पाइप उभा ठेवला आहे, त्यातून पाणी ओतता येतं.

त्यानंतर आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. दुकानात मागताना "ए टाइप" असं स्पष्ट सांगा, कारण स्वस्तात मिळणारा एसी टाइप गाडीच्या चार्जरसारख्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाची सगळी गळती ओळखत नाही. जमीन कुठलीही असो, हा बसवल्याशिवाय गाडी चार्जिंगला लावू नका. एमसीबी वायर वाचवतो, माणूस आरसीसीबी वाचवतो.

वायर आणि सॉकेट. चार्जर पंधरा अँपिअर करंट सलग आठ-दहा तास घेतो. गिझर पंधरा मिनिटं चालतो, इस्त्री थांबून थांबून. घरातल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूने असा ताण कधी दिलेला नसतो. त्यामुळे मीटरपासून वेगळी, तांब्याची, ४ चौरस मिलिमीटरची लाइन ओढा, मध्ये जोड नको, तिच्यावर २० अँपिअरचा एमसीबी. सॉकेट नवा आणि घट्ट, शक्यतो लोखंडी पेटीतला औद्योगिक. सैल सॉकेटमध्ये पिन तापते, प्लास्टिक पिवळं पडतं, मग काळं. चार्जिंग सुरू केल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावा. कोमट चालेल, चटका नको. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.

महावितरणकडे मंजूर भार किती आहे ते बिलावर लिहिलेलं असतं. गावाकडची जुनी कनेक्शनं एक किलोवॅटची असतात. तो वाढवून घ्यायचा अर्ज करा, चोरून ओढू नका. गणपतीत संध्याकाळी आरतीच्या वेळी सगळ्या वाडीचे दिवे, पंखे, स्पीकर चालू असतात, आमच्याकडे व्होल्टेज १९० वर येतं. तेव्हा चार्जर लावला तर शेजाऱ्यांचे दिवेही मिणमिणतात. मी भजन आटपल्यावर, रात्री अकरानंतर लावतो. त्या वेळी पंप चालू करायचा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. आणि बिल भावाच्या नावावर येतं. माझ्या तीस-चाळीस युनिटने त्याचा महिन्याचा स्लॅब वरचा लागू शकतो, म्हणून मी युनिट लिहून ठेवतो आणि पैसे तिथेच देतो.

दुचाकीवाल्यांनो, हे तुम्हालाही लागू आहे. तुमचा चार्जर कमी करंट घेतो, पण अर्थिंग तेच. काढता येणारी बॅटरी झोपायच्या खोलीत किंवा दाराच्या वाटेत चार्जिंगला लावू नका. गाडी घेताना बॅटरी एआयएस-१५६ या सुरक्षेच्या नियमांप्रमाणे तपासलेली आहे का ते विचारा. २०२२ मधल्या आगीच्या घटनांनंतर हे नियम कडक झाले.

पाऊस आणि पूर

पावसात चार्ज करता येतं. गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलून खात्री करून घेतात, मगच वीज सोडतात. पण घरगुती चार्जरचा भिंतीकडचा प्लग साधा तीन पिनांचाच असतो, त्याच्यावर पाणी येता कामा नये. सॉकेट पागोळीच्या आत हवा. चार्जरचा डबा जमिनीवर नको, खुंटीला टांगा. गन काढल्यावर झाकण लावा, समुद्राच्या खाऱ्या हवेने पिना लवकर काळवंडतात.

बॅटरी आयपी-६७ आहे म्हणून पाण्यात गाडी घालणारे मी पाहिले आहेत. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की चाचणीत ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकली. वाहत्या पाण्याची ताकद, तुमच्या गाडीचं वय, खड्ड्यावर आपटून दबलेला पत्रा, यातलं काही त्या चाचणीत नसतं. रस्त्यावर पाणी वाहतंय तर थांबा. चिपळुणात घर असेल तर २२ जुलै २०२१ च्या पुराची खूण तुमच्या भिंतीवर असेलच. चार्जिंगचा सॉकेट आणि एमसीबीची पेटी त्या खुणेच्या वर बसवा, आणि इशारा आला की गाडी उंचावर नेऊन ठेवा. पुरात बुडालेली गाडी वाळली तरी चार्जिंगला लावायची नाही. आधी सर्व्हिस सेंटरला उचलून न्यायची.

परतीचा प्रवास

परत येताना हिशोब उलटा. गुहागरहून शंभर टक्क्यांवर निघतो. चिपळूणपर्यंत साडेसहा, मग घाट चढून कोयनानगरला साडेआठ, पुढे उंब्रजपर्यंत सहा. म्हणजे महामार्गाला लागताना सतरा युनिट हातात असतात, ४५ टक्के. पुण्याला अजून वीस लागणार, म्हणून साताऱ्यात अर्धा तास थांबणं आलंच. घाट चढताना टक्के झरझर उतरतात, नव्या माणसाच्या पोटात गोळा येतो. कोयनानगरच्या पुढे खर्च पुन्हा नेहमीवर येतो, तोवर पडद्याकडे पाहू नका.

आमच्या वाडीत माझी गाडी पहिली होती. आता बँकेतल्या एका मुलाची आली आहे, शिक्षिका असलेल्या एका ताईंनी स्कूटर घेतली आहे. एसटीची विजेवरची शिवाई १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर सुरू झाली, जिथे १ जून १९४८ ला पहिली एसटी धावली होती. कोकण रेल्वेही २०२२ पासून पूर्ण विजेवर आहे. आमच्याकडे आता वीज घरात येते तशी अंगणातही येणार, आणि ती जांभ्यावरच उतरणार. म्हणून गेल्या मे महिन्यात टेस्टर घेऊन वाडीतली नऊ घरं मोजली. दोनच घरांचा आकडा दहाच्या आत निघाला. बाकीच्या सात जणांना खड्ड्याची जागा खडूने आखून दिली आहे. चार जणांचं काम झालं, तिघांचं पावसाआधी व्हायचं आहे. भावाला सांगून ठेवलं आहे की होळी झाली की दर रविवारी प्रत्येक पाइपात दोन बादल्या पाणी ओतायचं, पहिला पाऊस पडेपर्यंत.